गाडीचा होकार

जुन्या गाड्यांच्या आवारासमोरच्या रस्त्यावर एरवी चिटपाखरू नसायचं. रविवारी मात्र सकाळपासून दोन्ही कडेला माणसं दाटीवाटीनं उभी राहायची. बाया, म्हातारे, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. कुणी मोठ्यानं बोलत नसे. ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक बसतात ना, तशी ती शांतता.

आवाराचं फाटक चांगलं रुंद, दोन ट्रक एकदम आत जातील असं. आत पत्र्याच्या छपराखाली खुर्ची, आणि खुर्चीत सारथी. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पांढरा सदरा, पांढरी पँट, पांढरे बूट. एवढ्या ग्रीसमध्ये राहून माणूस इतका पांढरा कसा, हाच आत्याला पहिला चमत्कार वाटला.

आत्या शाळेत शास्त्र शिकवायची. आज ती आली होती वहिनीच्या आग्रहावरून, आणि थोडी वहिनीच्या काळजीनं.

आधी एक राखाडी गाडी आली. चालवत होता ती घ्यायला आलेला बेकरीवाला. फाटक जवळ येताच त्यानं दोन्ही हात वर केले. गाडी नाकासमोर सरळ निघून गेली.

"नकार," सारथी म्हणाले. गर्दी हळहळली. बेकरीवाल्याच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. "इतकी आवडली होती हो मला," ती शेजारणीला म्हणाली.

मग चंदेरी आली. दोनच दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, शर्यतीत पळते तसली गाडी. आत चिमणा होता. वहिनीचा एकुलता एक मुलगा, आत्याचा भाचा, सहा फूट उंच. त्या गाडीत तो चमच्यांच्या खणात झारा कोंबावा तसा बसला होता. त्यानं हात सोडले. गाडी क्षणभर सरळ चालली आणि मग कुणी कान धरून वळवावी तशी हळूच डावीकडे झुकली, फाटकातून आत शिरली, आणि पांढऱ्या बुटांपासून वीतभर अंतरावर चिमण्यानं ब्रेक लावला.

गर्दीनं श्वास सोडला. वहिनीनं आत्याचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"बघितलंत ताई? होकार दिला तिनं."

आत्याचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, गाडीच्या अपघातातच गेला होता. तेव्हापासून वहिनीनं चिमण्याला साधी स्कूटर घेऊ दिली नव्हती. रस्ता ओलांडायचा तरी ती त्याचं मनगट धरायची. आणि आज तीच बाई त्याला ही गाडी घेऊन द्यायला निघाली होती, कारण सारथींनी सांगितलं होतं की होकार दिलेली गाडी आपल्या माणसाला मरू देत नाही.

"गाडी आपण घ्यायची नसते, माई," सारथी खुर्चीतून बोलत होते. आवाज मधाळ, जरा घोगरा. "गाडीनं माणूस घ्यायचा असतो. लोखंडाला मन असतं. तेल बदलता, टायर बदलता, मन कधी बदललंत?" मग ते चिमण्याकडे वळले. "आज दुपारी हिला मोठ्या रस्त्यावर ने. चांगला वेग धर. आणि एकदा हात सोड. पूर्ण सोड. मग ही जन्माची तुझी."

"आणि धडकली तर?" आत्यानं विचारलं.

"आमची गाडी धडकत नाही. मनात शंका आली की माणूस धडकतो."

शेजारी काठी टेकून एक काका उभे होते. त्यांनी मान हलवली. "खरं आहे बाई. मलाही अशीच होकाराची गाडी मिळाली होती. मोठ्या रस्त्यावर हात सोडले, पण मनात जरासा किंतु आला." ते काठीच्या मुठीकडे बघत राहिले. "बायको शेजारी बसली होती."

"त्या...?"

"गेली. माझ्या किंतुनं गेली."

रोजचं काही सांगावं इतक्या सवयीनं ते बोलले. एवढं होऊनही हा माणूस दर रविवारी इथं येऊन उभा राहत होता.

तिला आधी रस्त्याच्या उताराची शंका आली. फाटकाकडे उतार असेल तर कुठलीही गाडी तिकडेच जाणार. तिनं पाण्याची बाटली रस्त्यावर आडवी ठेवून सोडली. बाटली घरंगळली, पण उलट दिशेला, पलीकडच्या काँक्रीटच्या खोल नाल्याकडे. म्हणजे गाडी चढाकडे वळली होती. रस्ता निर्दोष सुटला.

"काका, सगळ्या गाड्या याच टोकाकडून येतात का हो?"

"छे. काही त्या टोकाकडून. प्रत्येक गाडीची दिशा असते. आदल्या दिवशी आवाराचे मालक एकेक गाडी फिरवून आणतात आणि सारथी दिशा सांगतात."

"असं होय," आत्या म्हणाली, आणि फाटकातून आत गेली.

चंदेरी गाडी उन्हात लखलखत होती. आत्याच्या पर्सला लोहचुंबकाचं बटण होतं. तिनं पर्स उघडून ते बटण गाडीच्या टपाला लावलं. टक्कन चिकटलं. डाव्या दाराला लावलं. पडलं. चाकावरच्या पत्र्याला लावलं. तिथंही पडलं.

"आत्या, पर्सकरवी पापे काय घेतेस गाडीचे?" चिमणा हसला.

"इकडे ये. तू दिवसभर काय करतोस?"

"कवळ्या करतो. दात बसवतो. तुला माहीत नाही का?"

"मग इथं बोट फिरव."

त्यानं फिरवलं. मग नखानं टिचकी मारली, आधी टपावर, मग दारावर. टपाचा आवाज खणखणीत आला, दाराचा बद्द. त्याचं हसू ओसरलं. भरलेला दात आणि खरा दात यांतला फरक ओळखण्यावर त्याचं पोट चालत होतं.

"रंग जाड असेल," तो आत्याकडे न बघता म्हणाला. ही गाडी त्याला कित्येक महिने स्वप्नात दिसत होती. स्वप्नाला कोण टिचकी मारून बघतं?

आत्या छपराकडे गेली. "महाराज, गाडीनं तुम्हाला ओळखलं, हे सगळ्यांनी पाहिलं. आता तीच गाडी एकदा त्या टोकाकडून आणू? तुमच्याकडे यायचं तिनं ठरवलंच असेल, तर तिकडूनही येईल."

सारथींच्या मागे उभा असलेला आवाराचा मालक पुढे झाला. "दिशा बदलायची नसते, बाई. गाडीचा अपमान होतो."

पण गर्दीला दुसरा चमत्कार हवा होता. भक्ताची भूक बाबाला नेहमीच आवरता येते असं नाही. "होऊन जाऊ द्या की महाराज," कुणीतरी म्हणालं. "दोनदा होकार म्हणजे दुप्पट," दुसरा म्हणाला. सारथींनी डोळे मिटले, उघडले, आणि नाही म्हणायची वेळ निघून गेली.

चिमणा गाडीकडे निघाला तशी आत्यानं त्याच्या हातातून किल्ली घेतली. "तू नाही. मी."

"ताई, नको," वहिनी म्हणाली. का नको, ते तिला सांगता आलं नाही.

आत्यानं गाडी त्या टोकाला नेली आणि वळवली. आता फाटक तिच्या उजव्या हाताला होतं, नाला डाव्या. तिनं बेताचा वेग धरला आणि हात उचलून मांडीवर ठेवले. गाडी सरळ चालली, एक क्षण, दुसरा क्षण, आणि मग त्याच हळुवारपणे डावीकडे झुकली. फाटकाकडे पाठ. पांढऱ्या बुटांकडे पाठ. पुढे काठावरचं गवत मोठं होत गेलं. आत्यानं ब्रेक दाबला आणि गाडीनं डावीकडे असा हिसका दिला, की स्टिअरिंग धरायच्या आत पुढचं चाक काठाबाहेर गेलं. खाली नाला होता. चाक हवेत फिरत राहिलं.

चिमण्यानं धावत येऊन आत्याला ओढून बाहेर काढलं. "एवढ्याशा वेगात हे," ती म्हणाली. "दुपारी मोठ्या रस्त्यावर काय झालं असतं?"

सारथी उठून उभे राहिले होते. "नास्तिकाचा हात लागला. गाडीला मनातलं कळतं."

मग वहिनी पुढे झाली. ही बाई कधी चारचौघांत बोललेली कुणी ऐकली नव्हती.

"मग तुम्ही बसा," ती म्हणाली. "तुमच्या मनात तर शंका नाही ना? गाडी वर काढू, मोठ्या रस्त्यावर नेऊ. वेग धरा आणि हात सोडा. माझा मुलगा दुपारी जे करणार होता, तेच. मी शेजारी बसते."

"माई, हे..."

"का बसत नाही?"

"आम्हाला वाहन चालवणं वर्ज्य आहे."

"सारथ्याला?" बेकरीवाल्याची बायको म्हणाली, आणि त्या रस्त्यावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

वहिनी हसली नाही. ती त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याला सगळं माहीत होतं. सकाळी तिच्या मुलाला 'पूर्ण सोड' म्हणताना माहीत होतं. तिनं चिमण्याचं मनगट धरलं.

ओढायची गाडी आली आणि तिनं चंदेरी दोरानं उचलून रस्त्यावर टांगली, तेव्हा इतके रविवार उभं राहून बघणारी माणसं पहिल्यांदा वाकून बघू लागली. पोटाखाली डाव्या बाजूची मुख्य पट्टी मुडपलेली होती. दोन ठिकाणी वेल्डिंगचे ओबडधोबड टाके, त्यावर काळा रंग फासलेला. दाराचा पत्रा चेपलेला आणि त्यावर बोटभर जाडीची पुट्टी.

आत्यानं वर्गात सांगते तसं सांगितलं. ही गाडी कधीतरी जोरात आपटली आहे. सांगाडा वाकला की चाकं एका दिशेला बघत नाहीत, आणि हात सोडले की गाडी एका बाजूला जाते. ही डावीकडे जाते, म्हणून ती या टोकाकडून आणायची; फाटक डावीकडे येतं. उजवीकडे ओढणारी असेल तर उलट टोकाकडून. आदल्या दिवशी गाडी फिरवून बघायची, की दिशा कळली. यात लोखंडाचं मन कुठंच नाही. मालकाचं मात्र आहे, कारण अपघातातली गाडी एरवी कोण घेणार?

"म्हणजे आमची सरळ गेली..." बेकरीवाला म्हणाला.

"तुमची धड होती. इथं धड गाडीला नकार मिळतो."

काठीवाले काका वाकता येत नव्हतं तरी वाकून त्या मुडपलेल्या पट्टीकडे बघत होते. ते सावकाश सरळ झाले. "बाई, म्हणजे माझ्या मनात किंतु आला, म्हणून नव्हतं ते?"

"नाही काका. किंतु बरोबर होता तुमचा. गाडी मोडकी होती."

ते रस्त्याच्या कडेला खाली बसले. मग वहिनी जाऊन त्यांच्या शेजारी बसली, तशीच, धुळीत.

या गडबडीत सारथी मागच्या दारानं गेले. नंतर पोलीस आले, तेव्हा मालक त्यांना सांगत होता, की तो माणूस फक्त छपराखाली बसायचा, आपला त्याचा काही संबंध नाही. चिमण्यानं गाडी घेतली नाही. घरी जाताना वहिनी त्याच्यावर रागावली नाही, स्वतःवरही रागावली नाही. "मला त्याला जिवंत ठेवायचं होतं हो," एवढंच ती आत्याला म्हणाली. आत्याला ते ठाऊक होतं. माणूस मूर्ख असतो म्हणून फसत नाही. घाबरलेला असतो म्हणून फसतो, आणि हे फसवणाऱ्याला त्याच्याआधी कळलेलं असतं.

तो पांढऱ्या बुटांचा माणूस आज दुसऱ्या कुठल्या तरी छपराखाली बसला असेल. गाड्यांऐवजी औषधं असतील, जमीन असेल, लेकीचं लग्न असेल. बोलणं तेच असेल: हात सोडा, शंका सोडा. तेव्हा एवढंच करा. आधी खाली वाकून बघा. उलट टोकाकडून आणून बघा. आणि जो हात सोडायला सांगतो, त्यालाच पहिल्यांदा त्या सीटवर बसायला सांगा. तो बसला नाही, तर आपल्या लेकराचं मनगट धरा आणि घरी चला.