एकतीस प्रकरणं आणि एक पोट

अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी आठवड्यातून तीन सकाळी वाचायला जातो. माझा आवाज या कामाला बरा आहे असं मला स्वतःला कधी वाटलं नाही. पण कोणी नकोही म्हटलं नव्हतं. गेल्या वर्षी एका जाडजूड कादंबरीची एकतीस प्रकरणं वाचून झाली आणि माझं पोट बोलायला लागलं.

जेवलो की पोटाचा नगारा व्हायचा, आणि मग गुडगुड. माइकला सगळं ऐकू येतं. काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेली ध्वनिमुद्रक मुलगी हात वर करायची, मी थांबायचो. एका सकाळी आठ पानांत तिने एकोणीस वेळा हात वर केला. शेवटी बाहेर येऊन जमिनीकडे बघत म्हणाली, "काका, आपल्या संस्थेच्या मॅडम म्हणतायत, उरलेली चार प्रकरणं दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ या का. महिनाभर थांबते म्हणाल्या."

एकतीस प्रकरणं एका आवाजात आणि शेवट दुसऱ्याच्या. ऐकणाऱ्याला वाटेल, गोष्ट सांगणारा मध्येच गेला.

मी सवयीप्रमाणे पुस्तकांना शरण गेलो. 'थोडं थोडं, पण वारंवार खावं' असं तिघांनी लिहिलेलं सापडलं. मग दर तासाला दोन बिस्किटं, सफरचंद, अधूनमधून मधाचं पाणी, असा सपाटा लावला. पोट आणखी फुगलं. माझी थोरली बहीण माझ्याकडेच राहते, आणि सत्तरी उलटलेल्या भावाला बोलायला ती अजून कचरत नाही. दिवसभर रवंथ करणाऱ्याचं पोट फुगणार नाही तर काय, डॉक्टरकडे जा, असं तिने सुनावलं. आमच्या भागातल्या डॉक्टर म्हणजे बाई; पोटातल्या वाऱ्याबद्दल परक्या बाईशी कसं बोलायचं, म्हणून मी टाळत होतो. तर ताईने स्वतःच वेळ घेतली, सोबत आली, आणि माझ्या वतीने सगळं सविस्तर सांगितलं. नको तितकं सविस्तर.

डॉक्टरांनी श्वासाची तपासणी करायला लावली. आदल्या दिवशी साधा भात आणि अंडं, मग रात्रभर काही नाही. सकाळी एक गोड पाणी प्यायचं आणि दर वीस मिनिटांनी नळीत फुंकायचं. आतल्या जिवाणूंनी साखर खाल्ली की वायू होतो, तो रक्तातून श्वासात उतरतो. माझ्या श्वासात तो चाळीस मिनिटांतच वाढला. म्हणजे साखर मोठ्या आतड्यापर्यंत पोचण्याआधीच कोणीतरी फस्त करत होतं.

"यांची खरी वस्ती मोठ्या आतड्यात," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्याकडे लहान आतड्यातही बिऱ्हाड थाटलंय."

मग त्यांनी माझ्या गोळ्या विचारल्या. आम्लपित्ताची एक गोळी मी नऊ वर्षं घेत होतो, कारण बंद कर असं कोणी सांगितलं नव्हतं. पोटातलं आम्ल जिवाणूंना अडवतं, आणि तो पहारा मीच उठवला होता.

"आणि दोन जेवणांच्या मध्ये आतडं स्वतःला झाडून काढतं. तुम्ही तासातासाला खाल्लंत, तर त्याने झाडू मारायचा कधी?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तिन्ही पुस्तकांचं परीक्षण होतं.

दोन आठवडे प्रतिजैविक, आम्लाची गोळी हळूहळू कमी, कांदा-लसूण, सफरचंद आणि मध काही दिवस बंद, आणि दोन खाण्यांत चार तास फक्त पाणी. हा त्रास पुन्हा होऊ शकतो, तेव्हा लाजत बसू नका, असंही त्यांनी बजावलं. मी अगदी हळू आवाजात माइकबद्दल विचारलं. त्या हसल्या. रिकाम्या पोटी झाडू फिरला की थोडी गुडगुड होणारच, तो चांगला आवाज; तेव्हा वाचायला बसायचं ते न्याहारीनंतर तासाभराने.

पहिले चार दिवस बिस्किटांचा डबा मला हाक मारत होता. ताईने तो शेजारी देऊन टाकला. तिसऱ्या आठवड्यात पट्टा दोन भोकं आत गेला.

मॅडमनी दिलेल्या महिन्याच्या सव्विसाव्या दिवशी मी बत्तिसावं प्रकरण पुन्हा उघडलं. वाचत होतो, पण अर्धं लक्ष काचेकडे. हात वर होत नव्हता. पाच पानं झाली, सात झाली. मुलगी बहुधा कंटाळून झोपली असेल, नाहीतर मॅडमनी दुसरा माणूस ठरवलाय आणि मला सांगायचं कसं म्हणून उगाच वाचू देतायत, असं वाटायला लागलं. अकराव्या पानावर मला राहवेना.

"मशीन चालू आहे ना?" मी विचारलं.

"चालू आहे, काका. हे तुमचं वाक्य तेवढं कापते," ती म्हणाली. "वाचा पुढे."