पातेलंभर माया

सिस्टरने आजोबांच्या घोट्यावर अंगठा दाबून उचलला. खड्डा तसाच राहिला. म्हणजे पायांत पुन्हा पाणी साचलं होतं. हृदय थकलेलं, पाणी बेतानेच द्यायचं अशी सक्त ताकीद. आणि आता दवाखान्यात न्यावं लागलं तर परत येतील याची खात्री नाही, असं डॉक्टर स्पष्टच बोलले होते.

आजोबा म्हणजे वृद्धाश्रमाचा जीव की प्राण. जन्मभर पोरांना पोहायला शिकवलेला माणूस, आणि गोडबोल्या असा की दगडाला पाझर फुटावा. सिस्टर मात्र कडक. तिच्या धाकाने कुणी कुणाशी कामापुरतंही धड बोलत नसे, चूक कबूल करणं तर लांबच.

त्या सकाळी ती ओरडली नाही. आजवर ओरडून काय दिवे लागले होते! तिने रिकामं पातेलं मांडलं आणि म्हणाली, काल आजोबांना ज्याने जेवढं पाणी दिलं तेवढं यात ओता, मी कुणाला बोलणार नाही.

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. मग आचारीमामांनी ओतलं. मग सफाईच्या मावशींनी, व्यायाम करवून घेणाऱ्या ताईने. माळीबुवांनी तर तांब्याच उपडा केला. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकट्यानेच चोरून दिलं, घोटभराने काय होतंय! शेवटी सिस्टरने गोळ्यांबरोबर दिलेलं ओतलं. ते तिने स्वतःच कधी हिशेबात धरलं नव्हतं.

पातेलं काठोकाठ भरलं. अगं बाई! मुठीएवढ्या त्या थकल्या हृदयाने एवढं ओढलं होतं, तेही हसतमुखाने.  

दारातल्या खुर्चीतून आजोबा बघत होते. "बुडणाऱ्याला काढायला मी कधी एकटा उतरलो नाही," ते हळूच म्हणाले. "काठावर दोर धरायला माणसं लागायचीच. आणि इथे मी पाण्यासाठी तुम्हाला एकेकटं गाठत बसलो."

डॉक्टरांनी औषध बदललं. आजोबांच्या उशाशी दिवसभराच्या मोजून भरलेल्या पाण्याची एकच बाटली आली. पाणी कुणीही द्यावं, पण त्यातूनच, आणि दुसऱ्याला सांगून.

पुढच्या आठवड्यात सिस्टरने अंगठा उचलला आणि खड्डा दिसेना. तिने सगळ्यांना हाका मारल्या. जो तो दाबून बघू लागला, तेव्हा आजोबा करवादले, पाय आहे की दारावरची घंटा?

संध्याकाळी बाटलीत पेलाभर पाणी उरलं होतं. प्रत्येकाने ते दुसऱ्यासाठी राखलं होतं. आजोबांनी ते सिस्टरकडे मागितलं, आणि तिने आपल्या हाताने पाजलं.