सदतीस अंशांची ऊब

मित्रांनो, मी एक जुना इनक्युबेटर आहे. रुग्णालयात अशक्त बाळांना ठेवतात तो नव्हे, आणि अंडी उबवतात तोही नव्हे. एका विद्यापीठात, जीवशास्त्राच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाच्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं काम केलं. माणसाच्या शरीरातून काढलेल्या पेशी चपट्या बशांमध्ये वाढवायच्या, तर त्यांना शरीराइतकीच ऊब लागते. ती ऊब देणं हे माझं काम. सदतीस अंश, रात्रंदिवस.

दिसायला मी लहानशा कपाटासारखा. आत पोलादाचे चकचकीत कप्पे, पुढे काचेचं दार, त्यावर आणखी एक जाड दार. तळाशी पाण्याचा ट्रे, म्हणजे आतली हवा कोरडी पडत नाही. ते पाणी दर सोमवारी बदलायचं काम प्रयोगशाळेचे मदतनीस करत. त्यांना सगळे काका म्हणत. कुणी माझं दार आपटलं की काका हळूच सांगायचे, "आत लेकरू झोपलंय असं समजा आणि लावा." त्या काळात माझं फार कौतुक होतं. नवे पाहुणे आले की मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, आधी त्यांना माझ्यापाशी आणत.

त्या विद्यापीठात दर सुट्टीत पदवीच्या दोन विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी मिळे. जागा दोन आणि अर्ज ढीगभर. एका वर्षी चणीने बारकी, सतत लगबगीत असणारी एक मुलगी निवडली गेली. काकांनी दुसऱ्याच दिवशी तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

मुलाखत माझ्यासमोरच झाली होती. हेच काम का करायचंय, असं मॅडमनी विचारलं. मुंगीने पाठ करून आणलेलं उत्तर अर्ध्यावर सोडलं आणि ताईबद्दल सांगितलं. ताई कपडे शिवायची. आधी तिच्या हातून कात्री निसटू लागली. मग जिना चढवेना. आता ती चाकांच्या खुर्चीत होती. तीन रुग्णालयं पालथी घातली, रक्त तपासून झालं, पण आजाराचं नाव कुणालाच सांगता आलं नव्हतं.

मॅडम लगेच हो म्हणाल्या नाहीत. घरच्या माणसासाठी संशोधन करायला गेलं की पाय घसरतो, असं त्यांनी तिला बजावलं. पण ताईच्या डॉक्टरांनाही तिच्या पेशी तपासून हव्या होत्या. रीतसर परवानगी आली, ताईने सगळं वाचून, शंका विचारून, वाकड्यातिकड्या अक्षरात सही केली. तिच्या दंडावरून कातडीचा डाळीएवढा तुकडा काढला. बशीवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक. मुंगीने पेशी सांभाळायच्या आणि चाचणीचा निकाल मात्र दुसऱ्या कुणी वाचायचा, असं ठरलं.

आठ-दहा दिवसांनी तुकड्याच्या कडेने पेशी बाहेर सरकू लागल्या. लांबट, नाजूक, एकमेकींना चिकटून. मुंगी एक दिवसाआड त्यांचं गुलाबी पोषकद्रव्य बदलायची. सुट्टी संपली तरी ती येत राहिली. मॅडमनीही तिला जा म्हटलं नाही. पुढे ती तिथेच एम.एस्सी. करू लागली.

एकदा ताई स्वतः आली. आईने खुर्ची ढकलत आणली होती. मुंगीने बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि ताईची मान हाताने सावरून धरली. ताईने बराच वेळ पाहिलं.

"या माझ्या?"

"तुझ्याच."

"घरी मला उठवायला दोघं लागतात, आणि या बघ, कशा ऐसपैस पसरल्यात." ती हसली. मग म्हणाली, "पण लवकर बघ हं काय ते. मला फार धीर धरवत नाही."

ती गेल्यावर मुंगी माझ्या काचेच्या दाराला कपाळ टेकून उभी राहिली. काकांनी पाहिलं आणि प्रयोगशाळेचं दार हळूच लोटून घेतलं.

चाचणी सोपी नव्हती. पेशी जनुकांचे आदेश कसे वाचतात ते पाहायचं होतं आणि त्यासाठी पुष्कळ पेशी हव्या होत्या. सहा बशा भरत आल्या. आणखी आठवडाभराचं काम उरलं होतं. त्याच सुमारास काका निवृत्त झाले. त्यांना शाल दिली, फोटो काढले, भाषणं झाली. ट्रेमधलं पाणी आता कोण बदलणार, हे मात्र कुणी विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणी बदलत असेल. मुंगीलाही तसंच वाटलं. माझ्या दाराचं रबरही तोवर सैल झालं होतं. पाणी गढूळ झालं, आणि एका सकाळी सहाही बशांवर बुरशीचे करडे ठिपके उठलेले दिसले.

मित्रांनो, मला हात नाहीत, तोंड नाही. ती बुरशी माझ्याच उबेत वाढत होती आणि मी तिलाही तितक्याच इमानाने सदतीस अंश देत होतो.

मुंगीने सगळ्या बशांत बुरशी मारणारं औषध ओतलं आणि त्या फेकून दिल्या. मला आतून तीनदा स्पिरिटने पुसलं. ती कुणावर रागावली नाही. गोठवून ठेवलेली एकच कुपी शिल्लक होती. तिच्यातल्या पेशी पुन्हा वाढवायला घेतल्या, पण त्या थकलेल्या होत्या. पेशींनाही वय असतं. ठरावीक वेळा दुभंगल्या की त्या थांबतात. पूर्वी चार दिवसांत भरणारी बशी आता तीन आठवडे घेऊ लागली.

त्या तीन आठवड्यांमागून आणखी तीन आठवडे गेले, आणि ताई गेली. झोपेत तिच्या श्वासाचे स्नायू थकले, एवढंच मुंगीने मॅडमना सांगितलं. दहा दिवस पेशी मॅडमनी सांभाळल्या. अकराव्या दिवशी मुंगी कामावर आली, हात धुतले, हातमोजे चढवले आणि माझं दार उघडलं. आत ताईच्या पेशी जिवंत होत्या.

मग मुंगीचा हात धजेना. चाचणीपुरत्या पेशी जमल्या होत्या, पण चाचणी म्हणजे त्या फोडणं. "अजून थोड्या वाढू देत," असं ती दर सोमवारी मॅडमना सांगायची. मॅडमना सगळं कळत होतं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, की आणखी महिन्याभराने या कशाच्याच उपयोगाच्या राहणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुंगी आईला घेऊन आली. आई बशीकडे पाहत राहिली.

"फोडल्यावर काय राहतं गं?"

"काही नाही, आई. कागदावरची माहिती राहते."

"तिला दुखायचं नाही ना?"

"नाही."

आईने पदर तोंडाला लावला. डोळे पुसून म्हणाली, "मग काढ. तिला वाट बघायला आवडायचं नाही."

मुंगीने ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. त्या दुपारी माझा मधला कप्पा रिकामा झाला.

निकाल यायला चार आठवडे लागले. एक आदेश भलत्याच जागी तुटत होता. आजाराला आता ओळख मिळाली होती, उपाय अजून नव्हता. पण हा दोष आधी सापडला तर श्वासावर वेळीच लक्ष ठेवता येतं, यंत्राची मदत देता येते, असं डॉक्टरांनी कळवलं. मुंगीने मॅडमना सरळ विचारलं, "बुरशी आली नसती, तर ताई वाचली असती?"

मॅडमनी चष्मा काढला. "थोडे दिवस मिळाले असते कदाचित. मला ठाऊक नाही. खोटं सांगणार नाही तुला."

पुढे दुसऱ्या एका घरातल्या सहा वर्षांच्या मुलीत तोच दोष सापडला, वेळेवर. ते कळवणारं पत्र मुंगीने दोनदा वाचलं, नीट घडी घालून ठेवलं आणि उरलेला दिवस ती काचेची भांडी धूत राहिली. त्या वर्षाखेरीस ती याच आजारावर काम करायला दुसऱ्या विद्यापीठात गेली. आता मी बंद आहे. माझ्या जागी नवा आलाय. मला बोळात, मोडक्या स्टुलांशेजारी उभं केलंय. आतून मी थंड आहे आणि त्याची सवय अजून झालेली नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला उद्या अशा प्रयोगशाळेत शिकायची संधी मिळेल. जरूर जा. पण कुठलंही लहानसं काम 'कुणीतरी करेल' म्हणून सोडू नका. तुमच्या हाती येईल तो थेंब, तो तुकडा कुणीतरी आपल्या अंगातून काढून दिलेला असतो. ते माणूस कुठेतरी खुर्चीत बसून तुमच्या उत्तराची वाट पाहत असतं, आणि त्याच्यापाशी वेळ फार नसतो.