तोफेचा पल्ला

सरहद्दीवर नवा किल्ला उभा राहिला. शिपायांमागोमाग शिंपी, लोहार, न्हावी आले. पण शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तोफेच्या पल्ल्यात एकही घर नको, असा किल्लेदाराचा हुकूम होता. सगळ्यांनी पार ओढ्यापलीकडे पालं ठोकली.

शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन शिंपिणीची रोज तंगडतोड व्हायची. तिला सगळे 'चौकशीबाई' म्हणत. एकदा तिनं गोलंदाजाला गाठलंच.

"भाऊ, गोळा खरंच ओढ्यापर्यंत जातो?"

"पलीकडेही जाईल!"

"जाईल, की गेलाय? उडवलीत कधी तोफ?"

"अजून तशी वेळच आली नाही," गोलंदाज मिशी कुरवाळत म्हणाला.

"नसत्या उठाठेवी कशाला करतेस?" नवरा करवादला. पण प्रश्न किल्लेदाराच्या कानावर गेला होता, आणि आता त्यालाही चैन पडेना. त्यानं मैदान रिकामं करवलं आणि तोफेला बत्ती द्यायला सांगितलं.

कानठळ्या बसल्या. सगळ्यांचे डोळे ओढ्याकडे. गोळा मात्र निम्म्या वाटेवरच मातीत रुतलेला!

"दारू सर्दली असेल," गोलंदाज पुटपुटला. कोरडी दारू ठासून पुन्हा बार काढला. दुसरा गोळा पहिल्याच्या चार हात पुढे पडला, एवढंच.

शिंपीण धावत जाऊन दोन्ही गोळे पाहून आली. "साहेब, म्हणजे तिथून पुढे आम्ही पल्ल्याबाहेरच की!"

"पण तिथे घरं दिसली, की सरहद्दीपलीकडच्यांना आमचा पल्ला कळेल, बाई."

हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. "मग त्याहून जवळ बांधू द्या. म्हणजे कुणाला काही अंदाजच लागायचा नाही."

"आणि हल्ला झाला तर?"

"आमची घरं आम्हीच पाडू. मातीचीच तर असणार!"

किल्लेदार हसला. त्याच अटीवर त्यानं होकार दिला. पहिली भिंत शिंपिणीची उभी राहिली, आणि तिचा चिखल तुडवायला गोलंदाज आपणहून आला.

पुढच्या वर्षी क्षितिजावर घोडेस्वार दिसले. वस्तीनं दिवसभरात सगळ्या भिंती आडव्या केल्या. स्वार लांबूनच किल्ला न्याहाळून परत गेले. लोकांनी पुन्हा चिखल कालवला.

या खेपेला शिंपिणीनं घराला ओसरीही काढली.