पुन्हा स्वागत आहे

त्यानं बटणाचा निळा रंग जरासा गडद केला, पान पुन्हा उघडलं आणि खुर्ची ताईंकडे वळवली.

"बघा. पासवर्डची कटकटच नको. 'मेलने आत या' दाबायचं, की आत."

ताई चष्मा सावरून पडद्याजवळ वाकल्या. घरात घुसमटलेल्या बायकांना कोणाला न कळता लिहिता यावं, म्हणून त्यांनी ही वेबसाइट काढली होती. बाई टोपणनावानं खातं उघडायची, पासवर्ड टाकून आत यायची, आणि ताई तिला तिथंच उत्तर द्यायच्या. ओळखीपुरता मेलचा पत्ता लिहून घ्यायचा, पण त्या पत्त्यावर एक अक्षरही धाडायचं नाही, हा ताईंचा कडक नियम. त्यामुळे घोडं अडत होतं ते पासवर्डपाशी. कागदावर लिहून ठेवायची सोय नाही, आणि डोक्याला शंभर व्याप असताना तो आठवणार कसा? कितीतरी जणी एकदा पासवर्ड विसरल्या, की पुन्हा फिरकायच्याच नाहीत. म्हणून हा प्रोग्रामर बोलावला. कामाला वाघ, डोक्यानं तल्लख, आणि आपण तल्लख आहोत हे स्वतःला पुरतं ठाऊक असलेला.

"पण आत आली ती तीच बाई आहे, हे आपल्याला कोण सांगणार?"

"मेलवाली कंपनी सांगते ना. तिच्याकडे त्या बाईची ओळख पटलेली असते."

"कंपनीला काय माहीत, फोन कोणाच्या हातात आहे ते?"

तो हसला. "ताई, दुसऱ्याची मेल कोण उघडत बसतंय? इतक्या शंका काढल्या तर दुकानच बंद करावं लागेल."

ताईंना काही हसू आलं नाही. "नीट तपास बाबा. मग मी पहिल्या पानावर सूचना लावते," म्हणाल्या आणि आपल्या टेबलाकडे गेल्या.

जुनी खाती नव्या बटणाला जोडायची त्याची युक्ती सरळ होती. मेलचा पत्ता जुळला, की खातं तेच. नाही जुळला, तर नवं खातं. त्यानं पान आपल्या फोनवर उघडलं आणि आधी स्वतःचा पत्ता टाकून पाहिला. चाचणीसाठी काढलेलं त्याचं खातं गुमान उघडलं. आता वेबसाइटला माहीत नसलेला एखादा पत्ता हवा होता.

फोनमध्ये दुसरा पत्ता होताच, बायकोचा. लग्नानंतर त्यानंच तिला तो काढून दिलेला. पासवर्डही त्याचाच, आणि तिची मेल त्याच्या फोनवर कायम उघडी. बँक, वीजबिल, दवाखान्याची वेळ, सगळं तोच बघायचा. तुझ्या डोक्याला कशाला ताप, म्हणायचा. आणि गंमत अशी, की हे तो अगदी मनापासून म्हणायचा.

त्यानं तिचा पत्ता निवडला. 'नवं खातं तयार झालं' असं वाक्य यायला हवं होतं.

'पुन्हा स्वागत आहे, पाहुणी,' असं आलं.

आपलाच प्रोग्राम चुकला, भलत्याच बाईचं खातं उघडलं, असं त्याला वाटलं. चूक कुठं झाली ते शोधायला म्हणून त्यानं कोपऱ्यातला पत्ता वाचला. पत्ता तिचाच होता. नजर खाली गेली. शेवटचे दोन निरोप आपोआप उघडलेले होते.

'ते मारत नाहीत, ओरडतही नाहीत. पण माझ्यासाठी काय आलंय, ते माझ्या आधी त्यांना कळतं. ग्रंथालयातून कामाचं बोलावणं आलं होतं, ते त्यांनी पुसून टाकलं. तिथल्या बाईंनी, का आला नाहीत, म्हणून फोन केला तेव्हा मला कळलं. मी काही बोलले नाही. बोलून काय होणार?'

त्याखाली ताईंचं उत्तर होतं. 'खोली तुमच्यासाठी धरून ठेवली आहे. कपडे थोडे थोडे बाहेर काढा, एकदम नको.'

ग्रंथालयाची मेल त्याला आठवली. जायला दोन बस, त्यात उभं राहून काम. दमून जाईल बिचारी, म्हणून त्यानं ती काढून टाकली होती आणि विसरूनही गेला होता. मागच्या आठवड्यात कपाटातला तिचा कप्पा रिकामा दिसला, तेव्हा, बरं केलंस, आवरलंस ते, असं कौतुकही केलं होतं. ती 'हो' म्हणाली होती आणि कणीक मळत राहिली होती.

निरोपांच्या वर 'मागचं वाचा' अशी ओळ होती. त्यानं बोट त्या ओळीपाशी नेलं. आपल्याबद्दल काय काय लिहिलंय, केव्हापासून लिहितेय, खोली कुठं आहे, सगळं त्या ओळीमागे होतं. राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटत होती.

"झालं का रे?" ताईंनी आपल्या टेबलावरून विचारलं. "लावू सूचना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. बटण राहिलं असतं, खातं उघडंच राहिलं असतं. ती कुठं जाणार, केव्हा जाणार, हे त्याला तिच्या आधी कळलं असतं. कोणाला कळणार होतं?

"नका लावू," तो म्हणाला. "नका लावू, ताई."

त्यानं आधी ते पान मिटलं. मग बटण बंद केलं आणि ते खरंच बंद झालंय ना, हे दुसऱ्या फोनवरून पाहिलं. तोवर ताई त्याच्या मागे येऊन उभ्या होत्या.

"तुमची शंका बरोबर होती. ज्याच्या फोनवर मेल उघडी, त्याच्यासाठी खातं उघडं. माझ्या हातून एका बाईचं उघडलं गेलं."

"कोणाचं?"

"पाहुणी."

ताई खुर्चीचा आधार घेऊन खाली बसल्या. "देवा. हीच बरी सापडली तुला. आणखी कोणी आत आलं होतं?"

"नाही. नोंद बघितली. फक्त मीच."

"तिला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं." त्यांनी फोन उचलला, खोली ठरवताना तिनं दिलेला नंबर काढला आणि फोन तसाच धरून ठेवला. "पण नवरा शेजारी असला तर? त्याला सुगावा लागला, तर सगळ्यावर पाणी पडेल."

"करा फोन. नवरा घरी नाहीये."

"तुला काय माहीत?"

त्यानं आपला फोन त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर दोन पत्ते दिसत होते, एकाखाली एक. ताईंनी ते वाचले, मग त्याच्याकडे बघितलं.

"मागचं वाचलंस?"

"नाही. समोर आलं तेवढंच."

"खोली कुठं आहे ते?"

"नाही."

"खरं?"

"खरं, ताई."

त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसला म्हणून की नाही, ते त्याला कळलं नाही. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

दारामागून ताईंचा दबका आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तो उठला, दाराच्या दिशेनं दोन पावलं गेला आणि परत येऊन बसला. टेबलावरचा फोन घेऊन त्यानं तिचा पत्ता काढून टाकला. इतकी वर्षं तो तिथं होता, आणि काढायला क्षणही लागला नाही. मग करण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

ताई बाहेर आल्या तेव्हा ऑफिसातले दिवे लागले होते.

"काय म्हणाली?"

"ते मला तुला सांगता येणार नाही."

"रडत होती?"

"तेही नाही."

घरी जायची वेळ झाली होती. त्यानं बॅग खांद्याला लावली, दारापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"ताई, मी आज घरी येऊ की नको," तो म्हणाला, "एवढं तिला विचाराल?"

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि फोन घेऊन त्या पुन्हा आतल्या खोलीत गेल्या.