सलीम मिस्त्रीने मला सहा भोकं पाडली

मित्रांनो, मी मढ गावची एक म्हातारी अँबॅसिडर. रंग पांढरा, म्हणजे एके काळी पांढरा. मला थोडं वाढवून सांगायची खोड आहे. पण लोखंडाबद्दल जे सांगीन ते खरं धरून चाला.

कारखान्यात जाड पत्रा दाबून माझं अंग घडवलं. पुण्यात एका साहेबाकडे मी दहा वर्षं सुखात काढली. मग १९९२ साली चांगदेवने मला घेतलं आणि मी मढला आले. माळशेज घाट इथून जवळ, त्यामुळे पाऊस काय असतो ते मला इथेच कळलं. एका आषाढात मी जुन्नरच्या वाटेवरच्या गणेशखिंडीतून चक्क पोहत आले. पुढे एक मासा होता, त्याने वाट दाखवली. खोटं वाटत असेल तर त्या माशाला विचारा.

चांगदेवची आई चिमाबाई ही सुईण. वाडीवस्तीवर एखादी बाई अडली, की तिला जुन्नरच्या दवाखान्यात पोचवायचं काम आम्हा तिघांचं. पावसाळ्यात एसटी बंद झाली, की लोक माझ्याकडेच धावत. माझ्या मागच्या सीटवर वाटेतच चौदा पोरं जन्माला आली. चिमाबाई म्हणते तीन. तिचं वय झालंय.

लोक माझ्या बॉनेटला हळदकुंकू लावत. चांगदेवही फार जपायचा, आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्याकडे पावसाआधी घराचं एकूण एक भोक बुजवतात. कौलं चाळायची, भिंतीच्या चिरा लिंपायच्या. वैशाखात घराचं उरकलं, की चांगदेव उरलेलं डांबर घेऊन माझ्याखाली शिरायचा. माझ्या दारांखालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, दोन्ही बाजूंना एकेक पोकळ पेटी जाते. मिस्त्री तिला चॅनल म्हणतात. माझा सगळा भार तिच्यावर. तिच्या तळाला बारीक भोकं होती. ती चांगदेव दर साल मायेने बुजवायचा. मला गुदगुल्या व्हायच्या, एवढंच.

असे सात पावसाळे गेले. १९९९ च्या वैशाखात चाक पंक्चर झालं. चांगदेवने जॅक लावला, तर मी वर जायच्या ऐवजी जॅकच माझ्या पोटात वर आला. चॅनल आतून गंजून पापड झाला होता. मी मधून खचले होते आणि दारं उचलून आपटल्याशिवाय लागत नव्हती.

दुसरी गाडी घ्यायची चांगदेवची ऐपत नव्हती. तरी मला मोडीत घालायचं ठरलं. मंचरचे भंगारवाले गेणभाऊ शुक्रवारी टेम्पो घेऊन येणार होते. पण त्या आषाढात वाडीवरच्या लंकाबाईची सून अंजना बाळंत होणार होती, आणि तिचं पहिलं मूल दवाखान्याच्या वाटेवरच गेलं होतं.

"गाडी ग्येली तर अंजनाला काय पाटीत घालून न्यू?" चिमाबाईने लेकाला विचारलं. सोमवारी सकाळी तिने मला जुन्नरला सलीम मिस्त्रीच्या शेडमध्ये आणवलं. गेणभाऊंनाही तिथेच यायचा निरोप धाडला. न्यायचंच झालं तर तिथून न्या म्हणाली.

सलीम हा वाळका माणूस, भुवया अर्ध्या जळलेल्या. तो लहान हातोडी घेऊन माझ्या अंगावर ठोकत आणि कान लावून ऐकत फिरला. ठणठणीत आवाज आला तर पुढे जायचा, बद्द आवाज आला तर खडूने खूण करायचा. दुपारपर्यंत माझ्या अंगावर रंगापेक्षा खडू जास्त झाला.

"ह्याच्यावर पत्रा कुणी मारला, चांगदेवभाऊ?"

"मागल्या साली एकानं मारला. अर्ध्या तासात दिला व्हता करून."

"गंजावरच मारला. वेल्डिंगचा टाका धरायला लोखंड तर पाहिजे ना खाली." सलीमने खडू खिशात ठेवला. "सगळं कापावं लागेल. कापताना ही मधून मोडली, तर गेणभाऊला बुधवारीच बोलवा."

चिमाबाई म्हणाली, "बाळ आडवं आलं म्हून आमी हात काढून घेतो व्हय? काप तू."

सलीमने आधी बॅटरी, सीटा आणि डिझेलची टाकी बाहेर काढली. खाली ओंडके आणि जॅक लावून मला तोललं. दारांच्या चौकटींत आडव्या सळया जोडल्या, म्हणजे कापताना माझा आकार जाऊ नये. मग एक बाजू पुरी केल्याशिवाय दुसरीला हात लावला नाही. चॅनल कापला तेव्हा आतून तीन घमेली चिखल आणि गंज निघाला. एक बेडूकही निघाला. सात वर्षं भाडेकरू होता बिचारा.

चमकतं, निरोगी लोखंड लागेपर्यंत सलीम कापत गेला. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर त्याने माप घेतलं आणि त्याबरहुकूम नवा पत्रा कापला, वाकवला. मग गॅसची ज्योत पेटवली. इथे बोटभर टाका, मग पार दुसऱ्या टोकाला बोटभर. मग हात लावून बघायचं. जुन्नरचे कोंबडे त्या उजेडाने भर दुपारी आरवले, हे मी स्वतः ऐकलं.

"एका दमात वढा की राव, शुक्रवार आला," चांगदेव म्हणाला.

"एका दमात ओढला तर पत्रा तापून वाकडा होईल, मग दार जन्मात लागणार नाही. गार होऊ दे. तवर चहा सांग."

गुरुवारी संध्याकाळी दोन्ही चॅनल पुरे झाले, त्यांना गंज रोखणारा लाल ऑक्साइडचा रंग लागला. आणि सलीमने ड्रिल घेऊन नव्याकोऱ्या पत्र्याला खालून भोकं पाडायला घेतली. चांगदेवने त्याचा हात धरला.

"येडा झाला का, सलीमभाई? पाणी शिरंल की."

"पाणी काचेच्या फटीतून वरून शिरतंच. बाहेर जातं कुठून, ते सांग."

सलीमने एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन अशी सहा भोकं पाडली. मग तांब्याभर पाणी दाराच्या काचेवर ओतलं. घटकाभराने चॅनलच्या तळातून थेंब गळू लागले. चांगदेव खाली बसून ते बघत राहिला.

"म्हंजे मीच..." तो म्हणाला.

"सात वर्सं तिचं मूत आडवून धरलंस की रं," चिमाबाई म्हणाली.

शुक्रवारी गेणभाऊ आले. अंगाने कांद्याच्या दोन पोत्यांएवढा माणूस. सलीमने सळया आणि ओंडके काढले, त्या दिवशी जिथे जॅक पोटात शिरला होता तिथेच जॅक लावला आणि मला उचललं. मी अख्खी उचलली गेले. त्याने चारही दारं उघडली आणि एका बोटाने लावली. गेणभाऊ आत चढून दोनदा नाचले. मग उतरून त्यांनी चॅनलवरून अंगठा फिरवला.

"मिस्त्री, हे मोडायला मला हप्ताभर लागेल," ते म्हणाले, आणि रिकामा टेम्पो घेऊन मंचरला गेले.

आषाढात एका दुपारी अंजनाला कळा सुरू झाल्या. रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. मासाबिसा कुणी नव्हतं पुढे. चांगदेव हळूहळू चालवत राहिला आणि मी तिला जुन्नरला पोचवलं. मुलगी दवाखान्यात, कोरड्या पलंगावर जन्मली. यात मी काहीही वाढवलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर वरून पुसून थांबू नका. तिच्या तळाची भोकं मोकळी ठेवा. गंज दिसला तर रंगाखाली झाकू नका, तो कापून काढणारा माणूस शोधा आणि त्याला त्याच्या वेळेने काम करू द्या. माझं लोक अजून कौतुक करतात. पण सलीमचे टाके कुणालाच दिसत नाहीत. ते बघायचे तर जमिनीला पाठ टेकून माझ्याखाली सरकावं लागतं. कपडे मळतील. मळू द्यात.