हौ सुताराची रजई

वाळवंटात एवढी थंडी पडते हे माकुमच्या माणसांना कुणी सांगितलं नव्हतं. सीमेवर चीनशी लढाई पेटली आणि आसामातल्या त्या लहानशा गावातल्या प्रत्येक चिनी घरापुढे पोलीस येऊन उभे राहिले. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, चला, म्हणाले. मग आगगाडी, आणि आगगाडी संपली तिथे राजस्थानातली ही तारेच्या कुंपणाची छावणी. न्युक-लानच्या नवऱ्याला वाटेतच दुसऱ्या तुरुंगात नेलं. तिच्यापाशी उरली सात वर्षांची मोई-यिन.

बराकीत त्यांच्या शेजारी हौ सुताराचं अंथरूण होतं. म्हाताऱ्याची बायको कधीच वारली होती, मूल नव्हतं. जन्मभर त्यानं मळ्यासाठी चहाच्या पेट्या ठोकल्या. पोलीस आले तेव्हा लोकांनी भांडीकुंडी उचलली, दागिने उचलले. यानं फक्त लाल खोळीची जाड रजई काखेत मारली. बायकोनं शिवलेली ती शेवटची वस्तू.

"सरकारला बरोबर कळलं," तो म्हणायचा. "चहाच्या पेट्यांतून मी तोफा पाठवत होतो."

"तोफा कसल्या, काका!" पलीकडची शू-मोई म्हणायची. "तुमच्या पेटीतून चहासुद्धा गळायचा."

बायका हसायच्या. तोही हसायचा. दिवसा तो मोई-यिनला रजईत घेऊन बसे आणि जळणातल्या ढलप्यांचे उंट कोरून देई. "हा प्राणी ज्या सुतारानं केला ना पोरी, तो त्या दिवशी प्यालेला होता," असं तिच्या कानात सांगे.

डिसेंबर सरत आला तसा म्हातारा आडवा झाला. डॉक्टर येऊन गेले, म्हातारपण आहे म्हणाले. त्याच आठवड्यात मोई-यिनच्या छातीत कफ भरला. सरकारनं माणशी एक कांबळं दिलं होतं; म्हाताऱ्यानं आपलं अंगाखाली अंथरलं होतं. न्युक-लाननं स्वतःचंही पोरीवर घातलं, वर आपला कोट घातला, तरी पोर लटलट कापत होती. ओठ निळे पडत होते. डॉक्टरांनी म्हाताऱ्याला दिलेली गोळीच तिलाही दिली.

"तिला काकांच्या रजईत झोपवू का?" न्युक-लाननं लिओंग आजींना विचारलं. बराकीत रीतभात विचारायची ती लिओंग आजींना.

"वेडी आहेस का? मरणाऱ्याजवळ लेकरू ठेवायचं नसतं. जाणारा सोबत नेतो."

"मग नंतर... म्हणजे, ते गेल्यावर?"

आजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "ज्या पांघरुणात शेवटचा श्वास जातो ते पांघरूण त्याचं. त्याच्याबरोबर मातीत जातं. काढून घेतलं तर तो मागायला येतो. जिवंतपणी हातानं दिलं असेल, तर गोष्ट वेगळी."

एवढं बोलून आजी आपल्या अंथरुणाकडे गेल्या.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्याजवळ बसायची पाळी न्युक-लानची होती. हजेरी झाली, दारं लागली. म्हाताऱ्याचा श्वास लांब लांब अंतरानं येत होता. दर श्वासाला तिला वाटे, हाच. पलीकडे मोई-यिनचे दात वाजत होते. न्युक-लान एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. हा श्वास शेवटचा निघाला तर रजई मातीत जाणार, आणि तिच्या मागोमाग कदाचित पोरही.

ती वाकली. "काका," ती हळूच म्हणाली, "मोई-यिनला रजई देता?"

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्याच्या हातात रजईची कड होती. ती त्यानं घट्ट धरली.

न्युक-लाननं त्याची बोटं सोडवली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. सुताराची बोटं, तशाही वेळी राकट होती. तो तिच्याकडे बघत होता. तिनं रजई ओढून घेतली, त्याच्यावर चादर टाकली, आणि ते बघणं सहन होईना म्हणून चादर त्याच्या तोंडावरून वर घेतली.

मागे आजी उभ्या होत्या. "काय झालं?"

तोंड झाकून टाकल्यावर दुसरं काय सांगणार? "गेले," न्युक-लान म्हणाली.

"रजई?"

"आधीच दिली त्यांनी. पोरीला."

आजींनी बाकीच्यांना बोलावलं. बायका जमल्या, पहारेकऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं रडल्या. शू-मोईनं खुंटीवरचा म्हाताऱ्याचा कोट काढला आणि आपल्या मुलाच्या अंगावर घातला. कुणी त्याच्या लाकडी खडावा घेतल्या, कुणी छावणीत मिळालेला पेला. आजी म्हणाल्या, "सकाळी पाणी आणून तोंड धुवेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. अशी रीत आहे." ते ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. आपापल्या जागी जाऊन सगळ्या निजल्या.

रजईत मोई-यिनचं कापणं थांबलं. न्युक-लान तिला कवटाळून पडली. आपले कान तिनं रजईत खोल घातले.

सकाळी उजेडात सगळ्यांनी पाहिलं. रात्री चादर घातली तेव्हा म्हातारा सरळ, उताणा होता. आता तो कुशीवर होता. गुडघे पोटाशी घेतलेले, पाठीची कमान, आणि चादर गळ्यापासून पायापर्यंत अंगाखाली खोचून घेतलेली.

शू-मोईनं मुलाच्या कोटाची बटणं लावली, काढली, पुन्हा लावली.

शेवटी आजी बोलल्या. "थंडीत लाकूड आखडतं, माणूस आखडणारच."

"हो, आखडणारच," एक बाई म्हणाली.

"माझ्या मामांचंही असंच झालं होतं," दुसरी म्हणाली, आणि कुठले मामा हे तिला कुणी विचारलं नाही.

मग पाण्याचा प्रश्न निघाला. मेलेल्याचं तोंड धुवायला पाणी लागतं, आणि ते फुकट आणून चालत नाही. नदीत नाणं टाकून विकत घ्यावं लागतं, तेही पोटच्या मुलानं. हौ सुताराला मूल नव्हतं.

"रजई जिला मिळाली, तिनंच लेक व्हायचं," आजी म्हणाल्या.

न्युक-लान भांडं घेऊन नळावर गेली. आठ आण्यांचं नाणं तिनं नळाखालच्या डबक्यात टाकलं आणि भांडं भरलं.

पहारेकरी हसला. "अहो बाई, सरकार पाण्याचे पैसे घेत नाही."

"आमच्यात घेतात," ती म्हणाली.

तिनं ओल्या फडक्यानं म्हाताऱ्याचं तोंड पुसलं. डोळे मिटवले. चादरीची कड त्यानं मुठीत पकडली होती. ती सोडवायलाही तिलाच बसावं लागलं. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. आता बोटं दगडासारखी होती. तिला घाई करता येईना.

कुंपणाबाहेर पुरणं झालं. मोई-यिन बरी झाली. रोज तिचा चेहरा भरत होता, आणि रोज संध्याकाळी हजेरीनंतर न्युक-लानला पायाकडून रजई कुणी हलकेच ओढल्यासारखी वाटे. ती उठून बसे. कुणी नसे. पुढेपुढे ती रजईबाहेरच झोपू लागली, गुडघे पोटाशी घेऊन.

एप्रिलात पितरांच्या थडग्यांचा सण आला. हवालदारानं बायकांना तासभर बाहेर जाऊ दिलं. ऊन तापायला लागलं होतं. न्युक-लाननं रजईची वळकटी काखेत घेतली. म्हाताऱ्यानं घेतली होती, तशीच. जाळलेलं मेलेल्यापर्यंत पोचतं. पोर जगली आहे, थंडी गेली आहे, ज्याचं त्याला देऊन टाकू, एवढंच तिच्या मनात होतं.

मातीच्या उंचवट्यापुढे तिनं भाताची वाटी ठेवली. मोई-यिननं लाकडी उंट ठेवला.

"आई, रजई जाळणार?"

"आजोबांची आहे ना ती. त्यांना परत करायची."

मोई-यिन उंट वाळूत नीट उभा करत होती. तो पुन्हा पुन्हा पडत होता.

"त्या दिवशी आजोबा मागत होते," ती म्हणाली.

न्युक-लानच्या हातात काडी होती. "कधी?"

"सगळ्या निजल्यावर. थंडी वाजते म्हणत होते. अगदी हळू. माझं नावपण घेतलं. मी तुला सांगणार होते."

"मग?"

पोरीनं मान वर केली नाही. "मला ऊब आली होती."

उंट उभा राहिला. न्युक-लानला तिला जवळ घ्यायचं होतं. नाही, तुला स्वप्न पडलं असेल, असं सांगायचं होतं. लिओंग आजींनी बराकीला सांगितलं होतं तसं काहीतरी. तोंड उघडलंही. पण वाळूत बसलेली ती पोर तिच्याचसारखी, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि उत्तराची वाट बघत नव्हती.

"मीही ऐकलं होतं," न्युक-लान म्हणाली.

मग तिनं काडी ओढली.

जुना कापूस भडकत नाही, धुमसत राहतो. वेळ संपली म्हणून हवालदारानं हाक मारली, तेव्हाही लाल खोळीतून धूर निघतच होता. वारा छावणीकडे होता. संध्याकाळपर्यंत जळक्या कापसाचा वास बराकीत भरून राहिला. अंथरुणांत, केसांत, भाताच्या वाट्यांत. माणसं डोळे पुसत जेवली. शू-मोईच्या मुलाला तर जेवणच जाईना.

काय जळतंय, असं कुणीही विचारलं नाही.